नीनो इनासच्या सहा फेऱ्या

इनास ताइतागीला धावताना पाहिलेला माणूस आमच्या गावात शोधूनही सापडला नसता. चालताना मात्र सगळ्यांनी पाहिला होता. पुढे पोट, मागे इनास, आणि गालात सुपारीचा तोबरा. ग्वाम बेटाच्या दक्षिण टोकाला, जिथे रस्ता खाडीला वळसा घालून परत उत्तरेला निघून जातो, तिथे घाई करावी असं काही नव्हतंच. किनारा गस्त दलात त्याने उभी हयात काढली आणि बंदी असलेल्या पाण्यात जाळं टाकणारे जेवढे म्हणून पकडले, ते सगळे बसून पकडले. चोर प्रवाळाच्या कडेवर कितीही लांब गेला तरी त्याचा ट्रक किनाऱ्यावरच असणार, मग त्याच्यामागे पाण्यात कशाला उतरायचं? इनास ट्रकच्या सावलीत बसून राही. चोर परत आला की म्हणे, "ये बाबा, दमला असशील. जाळं ठेव खाली आणि आईचं नाव सांग." आईचं नाव कळलं की निम्मं काम झालं. संध्याकाळपर्यंत ती आईच पोराला कानाला धरून चौकीवर आणी.

तो भरती झाला तेव्हा गावच्या मेयरने त्याच्या बापाला एवढंच विचारलं होतं, "तुझा धाकटा पोहतो का?"

"पोहतो."

"पितो का?"

"सणासुदीला."

"मग सोमवारी पाठव."

पुढे बेटावर कायदा आला. बिल्ला लावायचा, पट्ट्याला पिस्तूल अडकवायचं आणि माणसाला अटक करायची, तर त्यासाठी नेमलेल्या मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे. कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याला दोन प्रश्न विचारलेले बरेच असतात. पण ते दोन प्रश्न नव्हते. शाळेचा शेवटचा दाखला हवा, गुन्ह्याची नोंद नको, रक्त तपासणार, लघवी तपासणार, मनाचा डॉक्टर बोलावून शाईचे डाग दाखवणार आणि वर खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवणार. इनासकडे दाखलाच नव्हता. चाळिशी उलटल्यावर तो स्वतःच्या भाचीशेजारी बाकावर बसून बीजगणित शिकला. यंत्रासमोर त्याला विचारलं, कधी चोरी केलीय का? त्याने मावशीच्या झुंजीच्या कोंबड्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की तारा लावणारा माणूस हसून हसून बेजार झाला. तर असं करत करत प्रमाणपत्र मिळालं. त्याची बायको लिया हिने ते काचेत मढवून येशूच्या तसबिरीखाली लावलं.

पण ते मिळवणं सोपं होतं म्हणायची वेळ आली, कारण खरी गोम ते टिकवण्यात होती. दर वर्षी वर्ग भरायचे, नेमबाजी करून दाखवायची. हे सगळं इनास निभावून नेई. मग मंडळाने शरीराची परीक्षा आणली. जोर, बैठका आणि दीड मैल, म्हणजे मैदानाच्या सहा फेऱ्या, धावणं, वयाप्रमाणे ठरवलेल्या वेळात. जुन्या लोकांना काही वर्षं सूट होती, ती संपली. तीन संधी मिळणार होत्या. तिसऱ्यांदा नापास झालं की प्रमाणपत्र गेलं.

जोर-बैठका त्याने कशाबशा काढल्या. धावणं जमेना. गुडघ्यात गाऊट आणि पोटात डुकराच्या बरगड्या, दोन्ही आयुष्यभराच्या. पहिल्या वेळी तो चौथ्या फेरीला बसला. दुसऱ्या वेळी सहाही फेऱ्या पुऱ्या केल्या, पण तोवर परीक्षकाने घड्याळ खिशात घातलं होतं.

प्रमाणपत्र गेलं की काय होतं, हे बघायला लांब जायला नको होतं. त्याचा जोडीदार फेलिस किनाता आदल्या वर्षी नापास झाला होता. त्याला खात्याने काढलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली. तो आता किनाऱ्यावरच्या बागेत खोक्याएवढ्या खोलीत बसून सहलीच्या मांडवांचे परवाने फाडतो. छातीवर बिल्ला नाही. कुणी दारू पिऊन बाटल्या फोडल्या तरी त्याने फोन करायचा आणि वाट बघायची. पोरं त्याच्या खिडकीसमोरून मुद्दाम जाळी खांद्यावर टाकून जातात.

"मी फेलिस होणार नाही," इनास लियाला म्हणायचा. "गस्तीत आलो तसा गस्तीतूनच घरी जाईन. दोन वर्षं राहिलीत फक्त."

"मग रात्रीच्या बरगड्या सोड," लिया म्हणायची.

"बरगड्यांनी काय घोडं मारलंय?"

"घोडं नाही, तुझा गुडघा मारलाय. खा आता भात नुसता."

तिसऱ्या परीक्षेच्या आधी त्याला घडवायचं काम डॅरेनने अंगावर घेतलं. डॅरेन मेनो हा इनासचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला त्याला इनासने हातावर घेतलं होतं. पुढे त्याचा बाप अमेरिकेत कामाला म्हणून गेला तो गेलाच, आणि मग इनास नुसता नावाचा नीनो, म्हणजे धर्मबाप, राहिला नाही. फेकजाळं कसं टाकायचं, बाईशी कसं बोलायचं, दाढी कशी करायची, सगळं पोराने याच्याकडून उचललं. गस्तीतही तो इनासच्या शब्दावर आला. आता तिशीतला झाला होता, दोन लेकरांचा बाप होता, दलात सगळ्यात चपळ होता, आणि शरीराची परीक्षा घ्यायचं वेगळं शिक्षण घेऊन परीक्षक झाला होता. तरी इनास समोर आला की कितीही माणसं असोत, थोरांना मान द्यायच्या आमच्या रीतीप्रमाणे वाकून त्याचा हात नाकाशी नेल्याशिवाय बोलायचा नाही.

रोज पहाटे शाळेच्या लाल मातीच्या मैदानावर दोघं जात. डॅरेन कडेला उभा राहून प्रत्येक फेरीला वेळ ओरडायचा.

"नीनो, छान! गेल्या खेपेपेक्षा बरं!"

"गेल्या खेपेला... मी मेलो होतो," इनास धापा टाकत म्हणायचा. "आज नुसता मरतोय."

नेहमीचा परीक्षक मूत्रपिंडाच्या उपचाराला बेटाबाहेर गेला, आणि तिसरी परीक्षा डॅरेनवर आली. नियम असा होता की रक्ताच्या किंवा लग्नाच्या नातेवाइकाची परीक्षा घ्यायची नाही. हा नियम लिहिणारा माणूस आमच्याकडचा नसणार. कारण धर्मबापाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. डॅरेनने वरिष्ठाला विचारलं. वरिष्ठाने नियम वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "बसत नाही यात. घे तू." कुणाच्या मनात पाप नव्हतं. रक्त नाही, लग्न नाही, सही झाली.

परीक्षेच्या दिवशी इनास डॅरेनबरोबर मैदानावर पोचला तर तिथे जत्रा. लियाच्या बहिणींनी मांडव ठोकला होता. लाल भाताची पातेली, लिंबात मुरवलेल्या कोंबडीचं केलागुएन, तितियासच्या पोळ्या, आणि निखाऱ्यावर बरगड्या. चुलत, मावस, आतेभावंडं, चर्चच्या गायकवृंदातल्या बायका, सगळे खुर्च्या टाकून बसलेले. गावातली चार मोकाट कुत्रीही हजर होती.

"अगं, परीक्षा आहे, लग्न नाही!" इनास लियावर डाफरला.

"मग उपाशी धावणार होतास आणि उपाशी येणार होतास?" ती म्हणाली. "आणि आम्ही घरी बसून काय करायचं, माळ ओढायची? ती सकाळीच ओढली."

त्याची नात तासी मोबाईल हातात धरून उभी होती. सान दिएगोची, टाकोमाची, टेक्सासची सगळी भावंडं तिकडून थेट बघत होती. "ताता, सगळ्यांना हात करा!" ती आजोबाला म्हणाली, आणि इनासने हात केला. त्यालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

डॅरेनने शिट्टी वाजवली.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. कुत्री बरोबर धावली, लोक हसले, बायकांनी टाळ्या धरल्या. तिसऱ्या फेरीला गुडघ्यात खिळा ठोकल्यासारखी कळ आली. तरी डॅरेनचा आवाज येत होता, वेळ सांगत होता, आणि वेळ अगदीच वाईट नव्हती. चौथ्या फेरीला इनास त्याच्यासमोरून गेला तेव्हा डॅरेन घड्याळाकडे बघत होता आणि गप्प होता. पाचव्या फेरीलाही तो गप्प होता. नुसतं म्हणाला, "चला नीनो."

तेवढ्यावरून इनास समजला. तिथेच थांबायला हवं होतं, असं तो पुढे स्वतःलाच पुष्कळदा म्हणाला. पण मांडवातून सगळं गोत ओरडत होतं, लिया उन्हात येऊन उभी राहिली होती, आणि त्याचे पाय बंद पडले तरी अंग पुढे जात राहिलं. सहावी फेरी त्याने धावली म्हणायचं का ओढली म्हणायचं, कोण जाणे. रेघेवर येऊन तो गुडघ्यांवर पडला.

सगळे डॅरेनकडे बघू लागले. डॅरेनच्या हातात घड्याळ होतं. त्याच्यासमोर मातीत गुडघे टेकलेला त्याचा नीनो होता, मागे सगळं गाव होतं, लिया होती, त्याची स्वतःची आई होती. एवढ्या माणसांदेखत ज्याच्या हाताला आपण नाक लावतो त्याला नापास म्हणायचं, हे शब्द आमच्याकडच्या माणसाच्या तोंडातून निघत नाहीत. वर्गात कितीही शिकवा, निघत नाहीत.

"पास," डॅरेन म्हणाला.

इनासने वर बघितलं. दोघांची नजर भेटली. आणि तो, ज्याने मावशीचा कोंबडा चोरल्याचं यंत्रासमोर सांगितलं होतं, तो काही बोलला नाही. लोकांनी त्याला उचललं, कुणी डोक्यावर पाणी ओतलं, कुणी हातात ताटली दिली. त्याने बरगड्या खाल्ल्या. त्या त्याला गोड लागल्या, आणि याचीच त्याला पुढे फार लाज वाटली.

घात केला तो त्या कौतुकाने. तासीने तो व्हिडिओ तसाच ठेवला होता. टेक्सासपासून सायपानपर्यंत लोक बघत होते, नावाआधी थोरांना लावायचा तुन लावून "शाब्बास तुन इनास" लिहीत होते. शिट्टीपासून मातीत पडेपर्यंत सगळं त्यात होतं. पहिल्या फेरीत दोनेक मिनिटं तिने मोबाईल निखाऱ्याकडे वळवला होता तेवढाच काय तो धावणारा माणूस दिसत नव्हता. कुणीतरी रिकामटेकड्याने वेळ मोजली. ठरलेल्या वेळेपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं जास्त भरली. मंडळाकडे तक्रार गेली. कुणी केली ते कळलं नाही. लोकांनी फेलिसकडे बोट दाखवलं. फेलिस स्वतः घरी येऊन म्हणाला, "इनास, मी नाही. पण बघितलं तेव्हा मीही मोजली होती."

दोघांना चौकशीचं बोलावणं आलं. तोवर एकमेकांशी बोलायचं नाही असा हुकूम होता. इनासने तो पाळला. पण हुकूम दोघांना होता, लियाला नव्हता. तिने तिच्या बहिणींना जमवलं आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बैठक बसली.

"डॅरेनचं काय होईल?" इनासने विचारलं.

"त्याचं कायमचं जाईल," लियाचा भाऊ म्हणाला. तो कोर्टात शिपाई होता. "न धावणाऱ्याला माफी आहे. खोटं लिहिणाऱ्याला नाही. देशभरच्या यादीत नाव चढतं. मग कुठे पहारेकऱ्याचीसुद्धा नोकरी नाही."

"दोन लेकरं आहेत रे त्याची," लिया म्हणाली.

मग उपाय निघाला. तासीने मोबाईल निखाऱ्याकडे वळवला होता ना? त्याच वेळी सुरुवात चुकली, डॅरेनने इनासला वळणावरून परत बोलावलं, घड्याळ पुन्हा लावलं आणि दुसऱ्यांदा सोडलं. असं दोघांनी सांगायचं. वेळ बरोबर बसते.

"मला खोटं बोलता येत नाही," इनास म्हणाला.

"कोंबडा चोरता येतो, खोटं बोलता येत नाही!" लिया कडाडली. "तुझ्यासाठी बोलायचं नाहीये. पोरासाठी बोल. तो तुझ्यापायी बुडतोय."

हे खरं होतं, म्हणून तो तयार झाला.

लियाने डॅरेनच्या आईकडे निरोप धाडला. आईने मुलाला सांगितलं. त्याचं उत्तर परत आलं, "नीनोंना म्हणावं काळजी करू नका." एवढंच. बायकांनी त्याचा अर्थ होकार असा धरला. खरं तर वडीलधाऱ्यांना नाही म्हणायचं असलं तरी आमच्याकडचं पोर दुसरं काय म्हणणार? पण हे त्या स्वयंपाकघरात एकालाही सुचलं नाही, आणि त्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी नाही म्हणण्यासाठी हेच शब्द वापरले होते.

चौकशी उत्तरेला, राजधानीत हागात्न्याला झाली. डॅरेनला सकाळी बोलावलं, इनासला दुपारी. टेबलामागे तिघं होते. मधल्या बाई, मिसेस अफ्लागी, पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही तशाच दिसत. इनासने हात वर करून शपथ घेतली.

"तुन इनास, धावायला सुरुवात किती वेळा झाली?" त्यांनी विचारलं.

"दोनदा, बाई."

"दोनदा?"

"पहिल्यांदा चुकली. मला वळणावरून परत बोलावलं. तेव्हा नातीने मोबाईल बरगड्यांकडे केला होता, म्हणून ते दिसत नाही."

मिसेस अफ्लागींनी चष्मा काढला. "मी पुन्हा विचारते. घाई नाही. पाणी प्या हवं तर. तुम्हाला परत बोलावलं होतं?"

आता त्या बाईंचा आवाज मऊ झाला होता, आणि इनासला वाटलं, यांना पटतंय. त्याच्या डोळ्यांसमोर डॅरेनची दोन लेकरं होती.

"बोलावलं होतं," तो म्हणाला. "पोराची काही चूक नाही. वेळेत बसलो होतो मी."

बाईंनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "सकाळी डॅरेन मेनोंनी सगळं कबूल केलं. सुरुवात एकदाच झाली. वेळ संपली होती हे त्यांना माहीत होतं, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला कळायला मार्गच नव्हता, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. आम्ही ते मानलंही होतं, तुन इनास. तुम्ही फक्त 'मला ठाऊक नाही' म्हणाला असतात तरी चाललं असतं. प्रमाणपत्र गेलं असतं, पण नापास म्हणून. बागेत बसला असतात, सन्मानाने घरी गेला असतात."

"मग आता?" इनासने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"आता तुम्ही शपथेवर खोटं बोललात. त्यांचं गेलं त्याच कलमाखाली तुमचंही जाणार. मला यात काही करता येत नाही." त्यांनी चष्मा परत घातला. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता.

इनास उठला. पोर आयुष्यात एक खोटं त्याच्यासाठी जपून, विचार करून बोललं होतं. नीनोला काही ठाऊक नव्हतं, एवढंच. ते इनासने दोन वाक्यांत मातीत घातलं होतं. बागेतल्या त्या खोक्याचीसुद्धा त्याला आता आस वाटली. फेलिसशेजारी बसून परवाने फाडता आले असते तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि रडू कोसळू नये म्हणून तो जिन्यात थोडा वेळ कठडा धरून उभा राहिला.

बाहेर वाहनतळावर डॅरेन थांबला होता. गणवेश नव्हता, लग्नाला घालायचा फुलाफुलांचा सदरा होता. सकाळपासून तो तिथेच होता. जेवलाही नव्हता.

"माफ करा नीनो," तो आधीच म्हणाला. "आईने निरोप दिला होता. पण मला ते बोलवेना. घड्याळाबद्दल दोनदा खोटं कसं बोलू? एकदा बोललो त्यात हे झालं."

"बरं केलंस."

"माझं गेलं. त्यांनी तोंडावरच सांगितलं." डॅरेन हसायला बघत होता. "विमानतळावर सामान चढवायला माणसं हवीत म्हणे. तिथे बिल्ला लागत नाही. पण मी त्यांना पटवलं, तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून. तेवढं त्यांनी मानलं. मानलं ना? आत काय म्हणाले तुम्हाला?"

इनासने त्याच्याकडे बघितलं. पोराचे डोळे सुजलेले होते, आणि त्या सुजलेल्या डोळ्यांत एवढी एकच गोष्ट शिल्लक होती. मंडळाचा निकाल शुक्रवारी वर्तमानपत्रात छापून येणार होता. शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते.

"मानलं," तो म्हणाला.

"म्हणजे तुमचं नाव राहिलं?"

"राहिलं की. नापास झालो, बागेत बसवतील. फेलिसशेजारी."

डॅरेनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला. "सुटलो," तो म्हणाला. "देवाशप्पथ नीनो, मला फक्त त्याचीच भीती होती. माझं काय, मी तरुण आहे. तुमच्या निरोपाच्या समारंभाला मात्र मी येणार. गणवेश नसला तरी येणार. मागे कुठेतरी उभा राहीन, कुणाला दिसणार नाही असा."

"मागे कशाला?" इनास म्हणाला. "पुढे बस, लियाच्या शेजारी."

मग त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गाडीकडे चालू लागले. वाटेत काहीतरी खाऊन घेऊ या, असं डॅरेन म्हणत होता. भूक लागली होती त्याला.